मागेल त्याला जुना बोलपट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत धानाची कापणी उरकली, की नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा-देसाईगंज येथील मंडळ्यांकडे गावोगावचे कारभारी जातात, नाटक निवडतात, तारीख ठरवितात, इसार देतात; आणि ठरलेल्या रात्री नट, वाद्ये, पडदे असा सारा लवाजमा त्या गावी येऊन उतरतो. मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग चालतो. झाडीपट्टीची रंगभूमी या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकारात प्रेक्षक नाटकाच्या शोधार्थ शहरात जात नाही. नाटकच त्याच्या बोलावण्यावरून त्याच्या दारी येते.

चित्रपटाची रीत याच्या अगदी उलट. प्रत काढावयाची ती खर्चाची, आणि ती कोणत्या गावी पाठवावयाची हे वितरक उत्पन्नाच्या हिशेबाने ठरविणार. प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळच्या सिरोंच्यास बसलेल्या रसिकाला एखादा गाजलेला बोलपट पाहण्याची कितीही इच्छा झाली, तरी त्या इच्छेला बाजारात किंमत नव्हती. नवा चित्रपट आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या गावी, आणि अखेरीस झालाच तर फिरत्या तंबूत. एकदा त्याची फेरी संपली, की तो पुन्हा पाहावयास मिळेल याचा भरवसा नाही. आवडीचे पुस्तक जसे कपाटातून काढून वाचावे, तसा जुना चित्रपट घरी बसून हवा तेव्हा पाहावा, ही सोय अगदी अलीकडची आहे. आणि ती आली तेव्हा फार उशीर झालेला होता.

उशीर कसला, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात हजारांहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांपैकी पूर्ण किंवा अर्धवट स्वरूपात उरलेले चित्रपट मोजावयास फार वेळ लागत नाही. याचे कारण फितीच्या जातीतच होते. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत ही बंदुकीच्या कापसाचीच सख्खी बहीण; ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटली तर उष्ण व दमट हवेत स्वतःच चिकट होऊन तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यावरील लेपात चांदी असे. चित्रपटाचा धंदा संपला, की जुन्या फिती धुऊन त्यांतील चांदी काढून घेणे हा व्यवहारी शहाणपणा समजला जाई. बोलपट आल्यावर मूकपटांना कोण विचारतो? बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात तरुण शांतारामांनी शेतकऱ्याची भूमिका केली होती आणि ज्याचे नाव भारतीय वास्तववादी चित्रपटाच्या इतिहासात प्रारंभीच घ्यावे लागते, तो आज उपलब्ध नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) हाही गेला.

जे काही उरले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर पुण्यातील एका कचेरीला आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये केंद्र सरकारने तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. दुसऱ्या वर्षी पी. के. नायर हे गृहस्थ तेथे रुजू झाले आणि १९९१ पर्यंत त्यांनी त्या संग्रहालयासाठी अक्षरशः गावोगाव हिंडून डबे गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी मिळविलेल्या फितींत 'राजा हरिश्चंद्र'चे आरंभीचे व शेवटचे रीळ होते. (ते १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावेत, असेही काही अभ्यासक मानतात, पण जे हाती आहे ते तेवढेच.) 'कालिया मर्दन' (१९१९) मात्र बराचसा पूर्ण मिळाला, आणि फाळक्यांच्या स्वतःच्या टिपणांच्या आधारे त्याचा क्रम लावता आला. त्यात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती लहान मुलगी आज पाहता येते ती या डब्यांमुळे.

परंतु संग्रहालयातील चित्रपट हा ग्रंथालयातील पोथीसारखा असतो. अभ्यासकाने पुण्यास जावे, परवानगी काढावी आणि पाहावा. सर्वसामान्य गृहस्थाच्या घराशी त्याचा संबंध येत नाही.

हा संबंध जोडला तो ध्वनिचित्रफितीने. सोनी कंपनीने १९७५ मध्ये आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये घरगुती फितीची आपापली पद्धत बाजारात आणली. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले व त्यापाठोपाठ व्हिडिओ यंत्रे फैलावली. योगायोग असा, की त्याच वर्षी, २६ ऑगस्ट रोजी, जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईत शेमारू नावाचे एक पुस्तकांचे फिरते वाचनालय १९६२ पासून होते. त्याने १९७९ मध्ये कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला. वाचनालयाच्या चालकाला ही कल्पना सुचावी यात आश्चर्य नाही. पुस्तक आठ दिवसांसाठी नेणारा माणूस चित्रपटही नेईल, हे त्याने ओळखले. पुढे लहान गावांतही गणपतीत किंवा लग्नकार्यात दूरदर्शन संच, यंत्र आणि तीन-चार कॅसेटी भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची चाल पडली. नाटकाच्या इसाराचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावयाची. मात्र त्या रात्री मागणी असे ती ताज्या हिंदी चित्रपटांना. 'कुंकू' किंवा 'माणूस' मागणारा एखादाच, आणि त्या एकासाठी दुकानदार कॅसेट ठेवणार नाही.

'प्रभात'ची कथा येथे सांगितली पाहिजे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर व कुलकर्णी या पाच जणांनी काढलेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तिचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची आवली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या गौरवाचे नवल वाटणार नाही. आवलीच्या रोखठोक संसारीपणामुळेच तो चित्रपट निव्वळ भाविक होत नाही. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली व तिच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. कंपनी बुडाली, की तिची फीतही भंगारात जाते, असाच आपल्याकडचा अनुभव. प्रभातचे तसे झाले नाही, कारण दामल्यांच्या घराण्याने त्या चित्रपटांचा ठेवा हाती घेऊन जपला. कॅसेट आली, पुढे तबकडी आली, तेव्हा तिच्यावर उतरविण्याजोगी प्रत कोणाकडे तरी होती. सारा भेद येथे आहे. प्रत असेल तर नवे साधन उपयोगी. नसेल तर साधन कितीही अद्भुत असो, त्याचा काय लाभ?

तबकडीने भाव एकदम खाली आणला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. चंद्रपूरच्या बाजारातील दुकानात मिठाईच्या पुड्याहून स्वस्त चित्रपट मिळू लागला. तरीही एक अडचण राहिलीच. तबकडी छापावयाची तर साचा करावा लागतो व एका वेळी हजारो प्रती काढाव्या लागतात. ज्या चित्रपटाला साऱ्या देशात दोनशे गिऱ्हाईक, तो कोण छापील?

या अडचणीवर अमेरिकेतील वॉर्नर कंपनीने मार्च २००९ मध्ये तोड काढली. तिने आपल्या कोठारातील १५० जुन्या चित्रपटांची यादी जाहीर केली. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवावी, की त्याच्यापुरती एकच तबकडी उतरवून टपालाने रवाना होई. साठा नाही, गुदाम नाही, पडून राहण्याची भीती नाही. दोनशे गिऱ्हाईक असले तरी नफा, वीस असले तरी तोटा नाही. मोठ्या कंपनीला प्रथमच आपल्या अप्रसिद्ध अपत्यांची आठवण झाली, ती या हिशेबामुळे. भारतात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २०१२ मध्ये आपल्या चित्रपटांच्या तबकड्या काढल्या, 'जाने भी दो यारो'सारखा चित्रपट नव्या प्रतीनिशी चित्रपटगृहांत आणला. पण तबकडीचा काळ येथे थोडाच टिकला. २०१६ नंतर मोबाईलवरील जोडणी स्वस्त झाली आणि मागणी नोंदवून वाट पाहण्याची गरजच संपली. भामरागड-एटापल्लीकडील दुर्गम गावांत ही लाट सर्वांत शेवटी पोचली, हे मात्र विसरता येत नाही.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. 'संत तुकाराम'ची मुदत केव्हाच संपली; म्हणजे कायद्याने तो सर्वांचा झाला. पण कायद्याने सर्वांचा झालेला चित्रपट प्रत्यक्षात ज्याच्याकडे चांगली प्रत आहे त्याचाच राहतो. त्यामुळे इंटरनेटवर जे जुने मराठी बोलपट फुकट दिसतात, त्यांपैकी कित्येक कॅसेटीवरून कॅसेट काढता काढता अंधूक झालेले असतात. चेहरे पुसट, गाणी घोगरी. तरुण प्रेक्षक ते पाहून जुना चित्रपट असाच वाईट दिसत असे, असा समज करून घेतो. फत्तेलालांच्या नेपथ्यावर हा मोठाच अन्याय आहे.

कधी चांगली प्रत परदेशांत निघते. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरील 'घाशीराम कोतवाल' (१९७६) हा चित्रपट फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून, बँकेचे कर्ज घेऊन केला. मोहन आगाशे त्यात आहेत, आणि ओम पुरींनी पडद्यावर प्रथम पाऊल टाकले तेही त्यातच. चित्रपट फारसा कोठे लागला नाही. नाव मात्र रसिकांच्या तोंडी राहिले. त्याची एक प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे होती. तिच्यावरून नवे डिजिटल रूप तयार होऊन ते २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखविले गेले, व पुढे तबकडीही निघाली. पुण्याच्या पेशवाईवरचा मराठी चित्रपट पुणेकराने जर्मनीहून मागवावा, असा प्रसंग आला.

देशातील कोठारेही निर्धोक नव्हती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. त्यानंतर एका तपाने सरकारने ५९७ कोटी रुपयांची राष्ट्रीय चित्रपट वारसा योजना हाती घेतली. २०२२ मध्ये तिच्याखाली सुमारे २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३), ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, तो २०२३ मध्ये गोव्याच्या महोत्सवात स्वच्छ केलेल्या प्रतीनिशी पुन्हा दाखविण्यात आला. साने गुरुजींची श्यामची कथा ज्या घरांत तीन पिढ्या वाचली गेली, त्या घरांपर्यंत ती प्रत जाणे हे पुढचे काम. आणि पेंटरांचा 'सावकारी पाश' कोणी मागितलाच, तर यादीत त्याचे नाव आढळत नाही.