कर्णनाद : हातोडीच्या ठोक्यापासून ध्वनिउपचारापर्यंत

१/ वैनगंगेकाठचे भंडारा पितळी भांड्यांसाठी ख्यात आहे. पितळेच्या पत्र्याला ठोकून आकार द्यायचा, तर हातोडीचा प्रत्येक घाव कारागिराच्या कानावरही पडतो. अशा गोंगाटात वर्षे गेली की काम थांबल्यावरही कानात नाद उरू शकतो. हाच कर्णनाद, म्हणजे टिनिटस.

२/ व्याधी जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील २८ कर्णरोगांत कर्णनादाची गणना होते. ठोकण्याच्या धंद्याने कान जातात, ही नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये केली. त्यांच्या ग्रंथातले व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबे ठोकत आणि म्हातारपणी बहिरे होत.

३/ कारण अंतर्कर्णात आहे. मोठ्या आवाजाने तेथील रोमपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संकेत घटले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून नाद भासतो, असे मानले जाते.

४/ आवाजावर आवाजाचाच उतारा १८२१ मध्ये फ्रेंच वैद्य झां इतार यांनी सुचवला : ओल्या लाकडांची तडतडती शेकोटी किंवा पाणचक्कीजवळ वास्तव्य. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी हेच काम कानात बसणाऱ्या यंत्राकडे सोपवले.

५/ १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी प्रश्नच बदलला. त्यांच्या मते खरा जाच नादाच्या मोठेपणात नसून शरीराच्या प्रतिसादात असतो. मेंदूने नादाला धोका मानले की स्वायत्त मज्जासंस्था जागी होते : नाडी वेगावते, स्नायू ताठरतात, झोप उडते. झोप उडाली की नाद अधिकच बोचतो. म्हणून नाद पूर्ण न झाकता मंद ध्वनी ऐकवायचा, सोबत समुपदेशन करायचे आणि मेंदूला त्या नादाची सवय लावायची.

६/ मात्र २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ध्वनिउपचार इतर उपायांहून सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. अनेकांना दिलासा मिळतो, पण मेलेल्या रोमपेशी परतत नाहीत.

७/ कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपण नोंदणीय रोग होता. पण घरच्या ओसरीवर भांडी घडवणारा कारागीर ‘कारखान्या’च्या व्याख्येत सहसा बसत नाही. रामाझ्झिनींनी ३०० वर्षांपूर्वी ज्याची दखल घेतली, तोच माणूस कायद्याच्या नजरेबाहेर राहतो. त्याच्यासाठी नंतरच्या कोणत्याही उपचारापेक्षा वेळीच मिळालेले कानाचे संरक्षण मोलाचे आहे.