‘कानडा’ : एका गीतातील शब्दाचा इतिहास

लोकप्रिय गीताचे शब्द ओठांवर रुळले की त्यांच्या अर्थाविषयीचे कुतूहल बहुधा मावळते. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गीत याचे ठळक उदाहरण होय. ‘झाला महार पंढरीनाथ’ (१९७०) या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले, सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केले आणि वसंतराव देशपांडे यांच्यासह स्वतः गायिले. महाराष्ट्रातील श्रोता त्याच्या भक्तिरसात सहज रंगतो. दोन्ही भाषा नित्य कानी पडणाऱ्या बंगळूरच्या मराठी श्रोत्याला मात्र पहिलाच शब्द थबकवतो. पंढरीचा राजा ‘कानडा’ कसा?

हे विशेषण माडगूळकरांनी घडविलेले नाही. ज्ञानदेवांच्या नावावरील ‘पांडुरंगकांती’ या अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ असे दोन्ही म्हटले आहे. काही भाष्यकारांनी त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘अगम्य’ आणि ‘नाटक करणारा, लीलालाघवी’ असा लावला. पैकी पहिल्या अर्थाला भाषेचा आधार आहे. जुन्या मराठीत ‘कानडे’ म्हणजे न उमगणारे, अवघड. तुकोबांनीही कानडी पत्नी आणि मराठी पती यांचे बोलणे एकमेकांस कळेना, असा दृष्टान्त योजला आहे. दुसऱ्या अर्थासाठी मात्र शब्दाची ओढाताण करावी लागते. दोन्ही शब्द एकत्र वाचले असता त्यांतील प्रदेशवाचक सूचना लपत नाही.

इतिहासही तिला पुष्टी देतो. पंढरपूरच्या मंदिरातील १२३७ च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वर याने विठ्ठलाला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि त्यात गावाचे नाव ‘पंडरगे’ असे कानडी वळणाचे आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या दैवताची मुळे दक्षिणेतील गवळी-धनगरांच्या लोकदेवतेपर्यंत नेऊन पोचविली. तथापि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाप्रश्न धगधगू लागला आणि ‘विठ्ठल मूळचा कोणाचा?’ या प्रश्नाला संशोधनाबाहेरची धार आली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. हे गीत त्यानंतर तीनच वर्षांचे. अशा काळात मराठी कवीने देवाला निःसंकोच ‘कानडा’ म्हणावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

माडगूळकरांनी यांपैकी कोणता अर्थ घेतला? माझ्या मते, दोन्ही. ‘कानडा’ला लागूनच ‘राजा’ आणि ‘पंढरी’ येतात, त्यामुळे प्रदेशाचा अर्थ जागा होतो. आणि पुढच्याच उद्गारात वेदांनाही न गवसलेल्या त्याच्या थांगाची गोष्ट निघते, त्यामुळे अगम्यतेचा. भीमेच्या काठी हे परब्रह्म मुके उभे आहे, अशीही कल्पना गीतात आहे. जे मुके आहे त्याला मातृभाषा कोठली?

अखेरच्या कडव्यात कवी भक्तांची नावे गुंफतो. नामदेव, चोखोबा आणि दामाजी यांच्यासमवेत तेथे ‘पुरंदर’ येतो. मराठी विद्यार्थ्याला या नावाने किल्ला आठवावा, हे स्वाभाविक आहे. येथे अभिप्रेत आहेत ते ‘पुरंदर विठ्ठल’ या नाममुद्रेने कानडी पदे रचणारे, १५६४ साली निवर्तलेले पुरंदरदास. हा एक शब्द न ओळखता ओलांडला, तर पहिल्या शब्दाचा गर्भितार्थही हातचा निसटतो. दामाजीची कथा मंगळवेढ्याची, पण त्याला जाब विचारणारी सत्ता बेदरची; हे बेदर आज कर्नाटकात आहे.

बंगळूरला असे द्वैभाषिक ऐकणे नवे नाही. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृतासह अनेक देशी भाषांना स्थान मिळाले होते. गदगकडच्या भीमसेनांनी मराठी अभंग आणि कानडी दासवाणी सारख्याच आर्ततेने गायिली. ‘कानडा’चा एकच अर्थ खरा मानून दुसरा पुसून टाकणे म्हणजे या गीताला निम्मेच ऐकणे होय. जो परक्या भाषेचा वाटतो, तोच आपला राजा आहे, हे या गीताचे म्हणणे दोन्ही अर्थ जागे ठेवल्यावरच पूर्ण ऐकू येते.