समजून घ्या : ताऱ्यांच्या फोटोंच्या शेकडो फाइल्स नीट लावायच्या आणि जपायच्या कशा?

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांवर किंवा नळदुर्ग, परंड्याच्या परिसरात गावच्या दिव्यांपासून थोडं दूर गेलं की आकाश बऱ्यापैकी अंधारं मिळतं. पावसाळा सरला की तिथे रात्रभर फोटो काढता येतात. प्रश्न येतो दुसऱ्या दिवशी : या सगळ्या फाइल्सचं करायचं काय?

इतक्या फाइल्स कशा होतात?

तेजोमेघाचा फोटो एका क्लिकमध्ये मिळत नाही. ३० सेकंदांचा एक याप्रमाणे तासाभरात १२० फोटो होतात. एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली, तर हे ३ जीबी झाले. शिवाय लेन्सवर झाकण लावून काढलेले 'डार्क' आणि एकसारख्या उजेडात काढलेले 'फ्लॅट' लागतात. डार्कमुळे सेन्सरचा गोंगाट, तर फ्लॅटमुळे धुळीचे डाग आणि कडांचा काळपटपणा काढता येतो.

फोल्डर कसे लावायचे?

आधी वर्ष, मग तारीख आणि लक्ष्य. उदा. '२०२५-०१-२५_एम४२_नळदुर्ग'. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, म्हणून संध्याकाळचीच तारीख कायम ठेवा. आत लाइट, डार्क, फ्लॅट आणि अंतिम असे चार फोल्डर करा. तापमान, आयएसओ आणि एक्सपोजर तेच असेल तर डार्क पुन्हा वापरता येतात. फ्लॅट मात्र त्या रात्रीच्या फोकसचेच हवेत.

बॅकअप किती ठेवायचे?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. गूगलची मोफत जागा १५ जीबी, म्हणजे वरच्या हिशोबाने जेमतेम पाच तासांचे फोटो. त्यामुळे सगळं हार्ड डिस्कवर ठेवा. दुसरी डिस्क नातेवाइकांकडे द्या. क्लाउडवर फक्त अंतिम फोटो चढवा. दोन प्रती झाल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. कॉपी सुरू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते, म्हणून कॉपीनंतर फाइल्सची संख्या आणि आकार जुळवून पाहा.

जुन्या फाइल्स कशाला जपायच्या?

मे २०२३ मध्ये जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. त्यानंतर जगभरातल्या हौशींनी आपले आधीचे फोटो तपासले. काहींमध्ये तो तारा शोधाच्या आधीच उजळताना सापडला आणि संशोधकांना स्फोटाची वेळ ठरवायला मदत झाली. हे जमलं, कारण मूळ फाइल्स शिल्लक होत्या आणि त्यांवरची वेळ बरोबर होती.

त्यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ दर वेळी मोबाइलशी जुळवा. भारतीय वेळ लावली असेल तर तशी नोंद ठेवा, कारण खगोलशास्त्रात वापरला जाणारा जागतिक वेळ साडेपाच तास मागे असतो. पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं, तेव्हा प्रत्येक डिस्क एकदा लावून चार-दोन फाइल्स उघडतात का, हे पाहून घ्या.