आतून वाचणे, बाहेरून वाचणे

एका शिक्षकाकडे किती मुले असावीत? पंचवीस. चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने एक मदतनीस द्यावा, आणि पन्नास झाली तर दुसरा शिक्षक नेमावा. हा हिशेब कोणत्या शिक्षण आयोगाच्या अहवालातला नाही. ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथात तो आहे आणि चौथ्या शतकात बॅबिलोनियात होऊन गेलेल्या रावा नावाच्या पंडिताच्या नावावर नोंदवलेला आहे.

ही मुले शिकत होती ती तोरा, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराची पहिली पाच पुस्तके. मुलाला शास्त्र शिकवणे हे मुळात बापाचे काम. तालमूद सांगतो की यात एक अडचण होती: ज्याला बाप नाही, त्याला कोण शिकवणार? म्हणून आधी जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले गेले. पण मुलाला तिथवर घेऊन जायलाही बाप लागतोच. मग प्रत्येक प्रांतात शिक्षक नेमून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पाठवू लागले. तर शिक्षक रागावला की ही दांडगी मुले बंड करून निघून जात! शेवटी यहोशुआ बेन गामला या प्रमुख पुरोहिताने ठरवले की गावोगावी शिक्षक असावेत आणि मुले सहाव्या-सातव्या वर्षीच आणावीत. हा पुरोहित इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याच्या थोडा आधीचा. त्याचा नियम लगेच सगळीकडे अमलात आला असे इतिहासकार मानत नाहीत. पण त्या काळी हा प्रश्न कोणाला तरी पडला होता, आणि त्याच्या उत्तरात अनाथ मुलाचा विचार होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्याच पानांवर आणखी बरेच बारकावे आहेत. मुलाला शिकण्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवू नये. गावातल्या गावात पाठवावे, पण मध्ये नदी असेल तर नाही. नदीवर पूल असेल तर चालेल, नुसता फळीचा साकव असेल तर नाही. मारायचेच तर चपलेच्या बंदाने, त्याहून जड वस्तूने नाही. आणि मूल वाचायला शिकलेच नाही तर? त्याला हाकलू नये, इतरांच्या सोबतीला बसू द्यावे.

आता आपल्या रोजच्या कामातला एक वाद पाहा. एक शिक्षक भरभर पुढे जातो पण चुका तपासत नाही, दुसरा सावकाश जातो पण बिनचूक शिकवतो. कोणाला नेमावे? रावाचे मत पहिल्याला: चुका पुढे आपोआप निघून जातात. नेहारदियाचा रब्बी दिमी म्हणतो, दुसऱ्याला: एकदा आत शिरलेली चूक आतच राहते.

दिमीने पुरावा म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. ती समजण्यासाठी हिब्रू लिपीचे एक वैशिष्ट्य माहीत हवे. त्या काळी हिब्रूत मुख्यतः व्यंजनेच लिहीत. समजा, आपण काना-मात्रा न देता फक्त ‘क र’ लिहिले, तर वाचणारा कर, कार, केर, कोर यांतले काहीही वाचू शकेल. तसेच ‘झ ख र’ या तीन अक्षरांचे. ‘झेखेर’ वाचले तर अर्थ आठवण, ‘झाखार’ वाचले तर अर्थ नर. अमालेक या शत्रूची ‘आठवण’ पुसून टाका, अशी तोरामध्ये आज्ञा आहे. दावीद राजाचा सेनापती योआब याने मात्र फक्त पुरुषांना मारले. राजाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, मला लहानपणी ‘नर’ असेच शिकवले होते. मग तो तलवार उपसून आपल्या गुरुजींकडे गेला. त्याने त्यांना मारले की सोडले, याबद्दल तालमूदमध्ये दोन्ही मते आहेत. हत्याकांडाच्या आज्ञेवरून रचलेली ही गोष्ट आज अंगावर काटा आणते. पण वाचनातल्या एका स्वराला तेव्हा किती किंमत होती, ते तीतून कळते. स्वरांच्या खुणा व्यवस्थित बसवल्या गेल्या त्या नंतर, साधारण सातव्या ते दहाव्या शतकात, गालील सरोवराकाठच्या तिबेरिया गावातल्या विद्वानांकडून. तोपर्यंत पुस्तक हाती असले तरी ते कसे वाचायचे हे गुरूच्या तोंडूनच ऐकावे लागे. आजही सिनेगॉगमध्ये वाचनासाठी असलेल्या तोराच्या गुंडाळीत या खुणा नसतात.

पुढे मध्ययुगात जर्मनी आणि उत्तर फ्रान्समधल्या ज्यूंनी या पहिल्या दिवसाचा समारंभच केला. पाटीवरच्या अक्षरांना मध लावायचा आणि मुलाने तो चाटायचा. मग ते लेवीय हे पुस्तक शिकू लागे. यज्ञ आणि शुद्धी यांचे किचकट नियम असलेले पुस्तक सहा वर्षांच्या मुलाला का? कारण असे दिले जाई की मुले शुद्ध आणि यज्ञही शुद्ध, तर शुद्धांनी शुद्धापासून आरंभ करावा. येमेनमध्ये अडचण वेगळीच होती, पुस्तकांची टंचाई. एका पुस्तकाभोवती मुले गोल करून बसत, त्यामुळे काहींना अक्षरे आडवी दिसत, तर काहींना उलटी. ती मुले तशीच वाचायला शिकली आणि मोठेपणीही पुस्तक कसेही धरून वाचू शकत.

पुस्तकच नाहीसे झाले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या कोकणात आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हिब्रू वाचन विसरले होते. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी टिकली. दावीद राहबी नावाच्या परदेशी ज्यूने तिच्यावरून त्यांना ओळखले आणि तिघांना हिब्रू शिकवून धर्मकार्याला लावले, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुढे 1832 मध्ये मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले.

ख्रिस्ती परंपरेत लवकर शिकवण्याचा एक सुंदर आराखडा जेरोम या विद्वानाच्या पत्रात सापडतो. इ.स. 400 च्या सुमाराचे हे पत्र त्याने रोममधल्या लाएता या बाईला, तिच्या लहान मुलीबद्दल लिहिले. तिला लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून द्या, त्यांच्याशी खेळू द्या. क्रम पाठ झाला की अक्षरे मिसळून टाका, म्हणजे तिने गाण्यातल्या क्रमावरून नव्हे, तर आकारावरून अक्षर ओळखावे. रागावू नका, बक्षीस द्या. यातल्या बऱ्याच कल्पना रोमन शिक्षक क्विंटिलियनच्या, म्हणजे तीनशे वर्षे आधीच्या आहेत. पण जेरोमने त्या बायबलसाठी आणि एका मुलीसाठी वापरल्या.

सगळ्या प्रजेसाठी असा आग्रह पुढे स्वीडनमध्ये धरला गेला. मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये मुले आणि घरातली माणसे यांच्यासाठी धर्माची एक लहान प्रश्नोत्तरी लिहिली होती. स्वीडनचा 1686 चा चर्चविषयक कायदा आणखी पुढे गेला: मुले, गडी, मोलकरणी, सर्वांनी वाचायला शिकावे आणि देवाची आज्ञा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. शाळा जवळजवळ नव्हत्याच. आईबापांनी घरीच शिकवायचे. वर्षातून एकदा पाद्री येई, एखाद्या घरी आसपासच्या कुटुंबांना जमवून सगळ्यांची परीक्षा घेई आणि मोठ्या वहीत शेरे लिही. धर्मशिक्षण पुरे झाल्याशिवाय प्रभुभोजनात भाग नाही, आणि त्याशिवाय लग्न नाही. आईबापांना आणि मुलांना याहून मोठे कारण काय हवे!

या वह्या टिकून आहेत. उमेओ विद्यापीठातल्या एगिल योहान्सन या अभ्यासकाने 1970 च्या दशकात त्या तपासल्या. अठराव्या शतकात बहुतेक स्वीडिश माणसे वाचू शकत होती आणि बायका पुरुषांच्या मागे नव्हत्या, असे त्यांतून दिसले. शिक्षकांनी पाहावेत असे आहेत ते वहीतले रकाने. पुस्तकातून वाचणे एका रकान्यात, पाठ म्हणणे दुसऱ्यात, आणि अनेक ठिकाणी ‘समज’ हा आणखी वेगळा रकाना. स्वीडिश भाषेत पाहून वाचण्याला ‘आतून वाचणे’ म्हणतात आणि पाठ म्हणण्याला ‘बाहेरून वाचणे’. क्रियापद एकच. आपल्याकडेही ‘पाठ’ म्हणजे धडा आणि ‘पाठ’ म्हणजे मुखोद्गत, तसेच काहीसे. त्या पाद्र्यांना मात्र हे ठाऊक होते की घडाघडा म्हणणारा मुलगा पुस्तक उघडल्यावर अडखळू शकतो, आणि न अडखळणाऱ्यालाही अर्थ कळला असेलच असे नाही. काही वह्यांत वाचनाला चांगला शेरा आणि समजेला कमी, अशा नोंदी एकाच माणसासमोर सापडतात.

एक रकाना मात्र नव्हता, लेखनाचा. देवाची आज्ञा वाचायची होती, तिला उत्तर लिहायचे नव्हते. त्यामुळे सफाईने वाचणारी पण लिहिता न येणारी माणसे खेड्याखेड्यांत होती, त्यांत बायका जास्त. 1842 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा काढणे बंधनकारक झाले, आणि लिहिणे सर्वांपर्यंत पोचले ते त्यानंतर.