पहिल्या बर्फासाठी मुक्काम कुठे करावा?

धरणगाव, प्रतिनिधी : पांढऱ्याशुभ्र ढिगांचे धरणगावकरांना अप्रूप नाही. दिवाळी सरली की जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर उभे राहतात आणि ते पाहतच इथल्या पिढ्या वाढल्या. बर्फाच्या डोंगराशी मात्र खान्देशाची ओळख छायाचित्रापुरतीच होती. बालकवींच्या या जन्मगावी मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तेथे स्कीइंगची चर्चा व्हावी हे नवलच. पण पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली तरुण मंडळी आता हिवाळ्यात हिमालयाकडे वळतात. अशा जोडप्यांत बहुधा एक जण आधी एखादा वर्ग करून आलेला असतो. दुसऱ्याने एक-दोनदा पायात स्की बांधलेली असते, पडण्याचा अनुभव घेतलेला असतो आणि मनात धास्ती घर करून असते.

ही धास्ती बाळगणारी पत्नीच असते असे मुळीच नाही. कित्येकदा पती मागे राहतो, फक्त तसे बोलून दाखवत नाही.

अशा सहलीची आखणी बहुतेकदा सराईत जोडीदार करतो आणि तिथेच घोटाळा होतो. सर्वांत उंच उतार कुठला, गंडोला कुठवर जाते, ताजा बर्फ किती पडतो, या प्रश्नांवर ठिकाण ठरते. राहायचे कुठे, हा प्रश्न शेवटी दरपत्रक पाहून सोडवला जातो. वास्तविक क्रम उलटा हवा. बिचकणाऱ्या जोडीदाराला सराव नकोसा झाला, तर कोणाचीही मदत न घेता पायी चालत ऊबदार खोलीत परतता येईल का, हा पहिला प्रश्न. परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेला माणूस उतारावर जास्त वेळ टिकतो. वाहन संध्याकाळी पाच वाजता येणार आणि तोवर ओल्या मोज्यांत उभे राहायचे, अशी स्थिती असेल तर दुसऱ्या दिवशी तो खोलीबाहेर पडत नाही. सहल तिथेच संपते.

भीती नेमकी कशाची?

नवशिक्याला उंचीपेक्षा वेग घाबरवतो. स्कीची टोके आत वळवून, टाचा बाहेर रेटून पाचरीसारखा आकार केला की वेग आवरतो. याला स्नोप्लाऊ म्हणतात. सपाटीकडे अलगद उतरणाऱ्या, शेवटी आपोआप थांबवणाऱ्या उतारावर ही क्रिया अर्ध्या दिवसात जमते. तोच उतार जरा तीव्र असला किंवा खाली रस्ता, घोडे आणि माणसांची गर्दी असली, की अंग आखडते. माणूस मागे झुकतो. वजन टाचांवर गेले की स्की वळायचे नाकारतात आणि पडणे अटळ होते. म्हणून नवशिक्यांचा उतार रुंद आहे का आणि पायथ्याशी मोकळी सपाटी आहे का, हे शिखराच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे.

धास्ती सर्वस्वी अनाठायी नाही, हेही मान्य केले पाहिजे. शिकाऊंमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध दुखावण्याचे प्रमाण मोठे आहे. बूट स्कीला जखडणारी बाइंडिंग पडताना ठरावीक जोर आल्यावर सुटली पाहिजे. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरते. भाड्याच्या दुकानात वजन कमी सांगणे किंवा नवखेपणा लपवणे हा संकोच गुडघ्याला महागात पडू शकतो. दुकानदाराने यातले काहीच विचारले नाही, तर दुसरे दुकान गाठावे.

गुलमर्ग : वाडगा आणि सुळका

भारतातील स्कीइंगची सर्वांत जुनी परंपरा गुलमर्गची. येथे १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने स्की क्लब स्थापन झाला. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था येथे १९६८ पासून आहे. ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धाही २०२० पासून येथे भरतात. या कीर्तीमुळे गुलमर्ग म्हणजे पट्टीच्या स्कीपटूंचे ठिकाण असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

गुलमर्गची दोन रूपे आहेत. खालचे रूप म्हणजे सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे वाडग्यासारखे कुरण. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, तिथेच हिवाळ्यात नवशिक्यांचे उतार असतात. हे उतार सौम्य आणि पायथ्याला सपाट आहेत. दोरीला धरून वर खेचून नेणाऱ्या लिफ्टही तेथे आहेत. मुक्कामाची अनेक हॉटेले या कुरणाच्या काठावरच असल्याने पायी ये-जा करता येते. बिचकणाऱ्या जोडीदारासाठी देशात यापेक्षा सोयीची रचना क्वचितच सापडेल.

दुसरे रूप अफरवटच्या बाजूचे. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदुरीला, सुमारे ३,१०० मीटरवर थांबतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. तेथून खाली उतरणाऱ्या बहुतेक वाटा आखलेल्या नाहीत, बर्फ भुसभुशीत आणि खोल असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. सराईत जोडीदारानेही तेथे स्थानिक वाटाड्याशिवाय आणि हिमस्खलनाचा त्या दिवसाचा इशारा पाहिल्याशिवाय जाऊ नये. नवख्याला ‘एकदा वर चल तर खरी’ किंवा ‘चल तर खरा’ असा आग्रह तर मुळीच करू नये. देखावा पाहायचा असेल तर गंडोलाने वर जावे आणि गंडोलानेच परतावे, त्यात कमीपणा नाही. तिकीट मात्र आगाऊ ऑनलाइन काढावे लागते.

येथे पैसे वाचवण्याचा एक मोह हमखास होतो. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग आहे आणि तेथे खोल्या स्वस्त मिळतात. पण हिमवृष्टीनंतर या घाटात चाकांना साखळ्या बांधलेली वाहनेच चढतात. रोज सकाळी वाहनाची वाट, संध्याकाळी पुन्हा तेच. एकट्या सराईतासाठी हे चालेल. बिचकणाऱ्याच्या बाबतीत तंगमर्गच्या तीन रात्रींपेक्षा गुलमर्गच्या दोन रात्री बऱ्या. आल्याबरोबर थेट वर जाण्याऐवजी पहिली रात्र श्रीनगरला काढावी. दोन-अडीचशे मीटर उंचीवरच्या तापी खोऱ्यातून निघालेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरला जावे की नाही, हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. त्या वेळी खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने खुली झाली. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात. जोडीदाराच्या मनात याच कारणाने धाकधूक असेल, तर बर्फ कितीही सुंदर असला तरी त्याचे चित्त लागणार नाही, हे ओळखून पर्याय निवडावा.

औली : वर्ग चांगला, वाट बिकट

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औली हे शिस्तीने शिकण्याचे ठिकाण. उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान, भोवती बांज आणि देवदाराची झाडे, समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा येथे झाल्या. गढवाल मंडल विकास निगम येथे ७ आणि १४ दिवसांचे स्की वर्ग घेत आले आहे. निगमचे विश्रामगृह उताराला लागूनच आहे. बुजऱ्या माणसाला जोडीदारापेक्षा अनोळखी प्रशिक्षकासमोर आणि आपल्यासारख्याच इतर नवख्यांबरोबर शिकणे सोपे जाते. या दृष्टीने सात दिवसांचा वर्ग ही औलीची खरी जमेची बाजू.

अडचण मुक्कामाची आहे. पूर्वी बरेच प्रवासी खाली जोशीमठला उतरत आणि सुमारे चार किलोमीटरच्या रोपवेने वर जात. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना भेगा पडल्या आणि रोपवे थांबवण्यात आला. त्यानंतर वर जायला डोंगरी रस्ताच उरला. बर्फ पडल्यावर तो निसरडा होतो. २०२४ मध्ये ज्योतिर्मठ असे नामांतर झालेल्या या गावात राहून औलीला रोज ये-जा करण्याचा जुना सल्ला त्यामुळे आता बाद समजावा. जायचे तर वर औलीतच राहावे. त्यातही ऋषिकेशपासून सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. वळणांनी ज्याला मळमळते, त्याच्यासाठी उतारावर पोहोचण्यापूर्वीच निम्मी परीक्षा होऊन जाते.

सोलंग : स्कीइंग थोडे, सोय अधिक

मनालीपासून १३ किलोमीटरवरचे सोलंग महाराष्ट्रातील पर्यटकांच्या अधिक परिचयाचे. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासूनची, तिचे स्की वर्ग सोलंगलाच भरतात. भारताला २०१८ मध्ये स्कीइंगमधील पहिले आंतरराष्ट्रीय पदक, तुर्कस्तानातील स्पर्धेतील कांस्य, मिळवून देणारी आंचल ठाकूर याच परिसरातील बुरुवा गावची.

सुट्टीच्या दिवशी सोलंगची दुपार मात्र जत्रेसारखी असते. भाड्याचे रंगीत अंगरखे, घोडे, स्कूटर, मक्याची कणसे आणि या सगळ्यांतून वाट काढणारे शिकाऊ स्कीपटू. सकाळी नऊच्या आत पोहोचले तरच सराव नीट होतो. मनालीत राहिल्यास रोजच्या वाहतूक कोंडीत तास-दोन तास सहज जातात, म्हणून सोलंगच्या बाजूच्या गावांत मुक्काम शोधावा. मनालीचा फायदा वेगळा आहे. जोडीदाराला दुसऱ्या दिवशी स्की नकोच वाटल्या, तर बाजार आहे, हिडिंबा मंदिर आहे, वसिष्ठचे गरम पाण्याचे कुंड आहे आणि दवाखानेही जवळ आहेत. आठवडाभर शिकण्याची तयारी नसलेल्या, पण एक दिवस चव घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला हे पुरते.

सिमल्यापलीकडचे नारकंडा शांत आहे, पण तिथला बर्फ बेभरवशाचा.

बेभरवशाचा तर आता सगळीकडेच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे कुरण तपकिरी पडले होते. २०२५ च्या फेब्रुवारीतील ‘खेलो इंडिया’ स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. तेव्हा डिसेंबरची सुट्टी साधण्याचा हट्ट सोडून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हीच निवड करावी लागते. आल्प्समध्ये उतारांना रंगांच्या खुणा असतात, निळा सोपा आणि काळा अवघड. परंतु काही गावांत सोपे उतार डोंगराच्या मध्यावर आणि गावात परतणारी वाट अवघड, असा उलटा प्रकार असतो. फ्रान्समधील शामोनी हे १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचे गाव. तेथे स्कीची क्षेत्रे दरीभर विखुरलेली आहेत आणि बसने फिरावे लागते. नाव मोठे म्हणून ते पहिल्या सहलीला निवडणे बरे नव्हे. लिफ्टने खालीही येता येते का, हे तेथे आधी विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी

आरक्षण करताना हॉटेलला फोन करून शिकाऊ उतार पायी किती मिनिटांवर आहे, हे विचारावे. ‘अगदी जवळ’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. वीज गेल्यावर खोली कशी तापवतात आणि ओले बूट कुठे वाळवतात, हेही विचारावे. कापसाच्या गावाला रुचणार नाही, पण बर्फात सुती कपडा कामाचा नाही. तो घाम धरून ठेवतो आणि अंग गार पाडतो. मोजे आणि आतले कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्यावेत. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल हवाच. मांड्या आणि गुडघ्यांसाठी दोन महिने आधीपासून जिने चढण्याचा आणि भिंतीला पाठ लावून बसण्याचा व्यायाम केला, तर पहिल्या संध्याकाळी पाय थरथरत नाहीत.

जोडीदाराला स्वतः शिकवू नये. दुचाकी शिकवताना घराघरांत जे होते, तेच येथे बर्फावर होते. सकाळचे दोन तास प्रशिक्षकाकडे सोपवावेत, सराईताने तेवढ्यात आपली हौस भागवावी आणि दुपारी दोघांनी सोप्या उतारावर एकत्र यावे. थकल्यानंतरची ‘शेवटची एक फेरी’ टाळावी.

धरणगावहून जाणाऱ्यांना आधी जळगाव किंवा भुसावळ गाठावे लागते. औली व मनालीसाठी तेथून दिल्ली, तर काश्मीरसाठी जम्मूतवीकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस हा जुना मार्ग. ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने हिवाळ्यात बंद पडणाऱ्या महामार्गावरची भिस्त कमी झाली आहे. श्रीनगरची विमाने हिमवृष्टीत रद्द होतात, त्यामुळे परतीसाठी एक दिवस राखून ठेवावा. प्रवास विमा काढताना स्कीइंगमधील दुखापत त्यात धरली आहे का, हे कागदावर वाचून घ्यावे. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.