निराशेचे दैवत आणि चवदार तळे

इ. स. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणारी चार माणसे एवढ्या सामग्रीवर तो चालतो. एक जण सूत्रधार होऊन कल्पित जग मांडतो आणि बाकीचे त्या जगातील पात्रे होऊन वावरतात. अशा जगाला देव लागतात आणि देवांच्या जोडीने काळोखाची दैवतेही लागतात. १९८० साली याच खेळासाठी निघालेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात आपले इंद्र-वरुणही येऊन बसले. किती घाव सोसल्यावर कोणता देव पडेल, याचे आकडेही त्यात दिलेले होते. तेव्हापासून जगभरच्या हौशी सूत्रधारांनी युद्धाचे, रोगाचे, मृत्यूचे आणि निराशेचे अगणित देव घडवले आहेत.

यांपैकी निराशेचा देव घडवणे सर्वांत अवघड, असे आम्हांस वाटते. युद्धाच्या देवाला शस्त्र देता येते, मृत्यूच्या देवाला पाश देता येतो. निराशेच्या हाती काय द्यायचे? काळी वस्त्रे, ओसाड गढी, कावळे हा सारा नेपथ्याचा भाग झाला. हे दैवत काम कसे करते, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाला मराठी मुलखाने काळाच्या ओघात दिलेली उत्तरे तपासावीत, एवढाच या लेखाचा हेतू. ती तपासता तपासता आम्ही शेवटी महाडच्या चवदार तळ्यापाशी का पोहोचतो, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

आरंभ वैदिक वाङ्मयातील निर्ऋतीपासून करावा लागतो. ऋत म्हणजे विश्वाची सुसूत्रता आणि ती विस्कटणे म्हणजे निर्ऋती. क्षय, विघटन, आधार सुटणे हे तिचे स्वरूप. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिला दूर जाण्याची विनवणी आहे. अग्निचयनाच्या विधीत तिच्यासाठी तुसावर भाजलेल्या तीन काळ्या विटा ठेवतात. त्या यज्ञभूमीपासून दूर तिच्या दिशेला नेऊन ठेवायच्या आणि परतताना मागे वळून पाहायचे नाही, असा दंडक आहे. राजसूयातही तिचा वाटा आपोआप भेगाळलेल्या जमिनीत अर्पण होतो. विधी घडवणाऱ्यांची ही सूक्ष्म जाण आम्हांस विलक्षण वाटते. निराशेला वेदी नाही, तिला भेग आहे. तिचे देणे नाकारायचे नाही, परंतु ते देऊन झाल्यावर तिच्याकडे पाहत बसायचे नाही.

तिच्याच नावावरून आपण नैर्ऋत्य हा शब्द वापरतो. मौज अशी, की कोकणाचा पाऊस त्याच दिशेने येतो. महाड आणि पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलखात सावित्रीला पाणी येते आणि तळी भरतात, ती या नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे. जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तीही याच पावसात. पूर्वजांनी विनाशाची म्हणून नेमलेली दिशा जीवनदायीही निघावी, यात निसर्गाचा काही हेतू नाही. तरीही दैवत आणि दिशा यांचे नाते आपण ठरवतो तेवढेच असते, हे त्यातून उमगते.

पुढे पुराणांत निर्ऋतीचा वारसा ज्येष्ठेकडे, म्हणजेच अलक्ष्मीकडे, आला. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघाली म्हणून ती ज्येष्ठा. हाती केरसुणी, वाहन गाढव, ध्वजावर कावळा असे तिचे वर्णन मिळते. पद्मपुराणात तिचे लग्न उद्दालक ऋषीशी होते. वेदघोष आणि अतिथिसत्कार चालतो त्या आश्रमात तिला राहवत नाही. कलह आणि अनाचार असलेले घर तिला हवे असते. अखेर ऋषी तिला पिंपळाखाली बसवून निघून जातो आणि ती एकटी रडत राहते. तिचे दुःख ऐकून लक्ष्मी विष्णूसह तिथे येते. जिच्या नावाने लोक दचकतात, तिलाही सोडून दिल्याचे दुःख आहे, ही कल्पना आधुनिक कादंबरीकाराला शोभेल अशी आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर सुपे वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची चाल महाराष्ट्रात होती आणि काही घरांत अजून आहे. विशेष म्हणजे त्याच दिवशी नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पूजली जाते. अलक्ष्मीचे आयुध हातात घेऊनच अलक्ष्मीला घालवायचे!

तिसरे उदाहरण शनीचे. तात्याजी महिपतींच्या 'शनिमाहात्म्या'तील उज्जयिनीच्या विक्रमाची कथा घरोघरी ऐकली गेली. राजा शनीची हेटाळणी करतो आणि त्याच्या दृष्टीस पडतो. परमुलखात त्याच्यावर हाराच्या चोरीचा आळ येतो. हार गिळलेला असतो भिंतीवरच्या चित्रातील हंसाने, तेव्हा खरे सांगूनही उपयोग नसतो. हातपाय तोडलेला राजा तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो. निराशेची इतकी नेमकी प्रतिमा आमच्या पाहण्यात क्वचितच आली आहे. सत्य आपल्या बाजूला आहे, पण ते कुणाला पटण्याजोगे नाही आणि समोर घाणा गोल फिरतो आहे. तरीसुद्धा या छळाला मुदत आहे. साडेसाती साडेसात वर्षांनी उतरते. राजाला हातपाय परत मिळतात आणि कथा आशीर्वादाने संपते.

या तिन्ही दैवतांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकीत बाहेर पडण्याची वाट राखलेली आहे. निर्ऋतीकडे पाठ फिरवता येते, अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर काढता येते, शनीची मुदत भरते. परक्या मुलखातून आलेल्या निराशेच्या राक्षसाचीही हीच गत आहे. जॉन बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा 'यात्रिक क्रमण' हा हरि केशवजींनी केलेला मराठी अनुवाद १८४१ साली निघाला. मूळ ग्रंथ १६७८ चा. त्यात निराशा नावाचा महाकाय राक्षस वाटसरूंना संशयाच्या गढीत कोंडतो, बडवतो आणि आपणच आपला जीव घ्या असे सुचवतो. तो स्वतः त्यांना मारत नाही, हे महत्त्वाचे. शेवटी एका कैद्याला आठवते, की आपल्या छातीशी 'वचन' नावाची किल्ली पहिल्यापासूनच होती. तिने गढीचे प्रत्येक कुलूप उघडते. बनियनने हे कुलूप जाणूनबुजून कच्चे ठेवले. श्रद्धावंताच्या जगात निराशेला शेवटचा शब्द मिळू शकत नाही.

मग वाट नसलेले दैवत आपल्याकडे घडले नाही काय? त्याची चाहूल सटवाईच्या कल्पनेत लागते. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहिते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. सटवाई क्रूर नाही, ती बाळाची राखणदारही आहे. परंतु तिने लिहिलेले खोडता येत नाही, आणि ज्याच्या कपाळी ते लिहिले त्याला वाचताही येत नाही. येथे प्रथमच निराशेच्या हाती तिचे खरे शस्त्र येते. ते शस्त्र म्हणजे लेखणी.

दुसरी खूण मरीआईच्या गाड्याची. पटकीसारखी साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत, म्हणजे संकट पुढच्या गावाच्या माथी. तिची पूजा पुष्कळ गावांत महारांकडे असे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील आषाढाचे, अंगात येण्याचे आणि रेड्याच्या बळीचे जे चित्र आहे, त्यात भक्ती आणि उपासमार एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या समाजाला गावाने शिवेवर ठेवले, त्याच्याकडेच शिवेबाहेर घालवायच्या देवीची सेवा सोपवली. गावाच्या भीतीचा भार कोणी वाहायचा, हे जन्माने ठरलेले होते. गाडा निदान पुढच्या शिवेपर्यंत तरी जात असे. महारवाडा जागचा हलत नव्हता.

येथून महाड दूर नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा त्याचा आशय. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री वाट मोकळी झाली. तरी कोणी पाण्याला शिवले नाही. तीन वर्षे तळे उघडे होते आणि तीन वर्षे ते बंद होते. कल्पित जगाचा कोणताही सूत्रधार निराशेची याहून बलवान गढी रचू शकणार नाही. तिला दार आहे, दाराला कुलूप नाही, आणि तरी कोणी बाहेर पडत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींनी तिची सिद्धता केली होती. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाणी प्याले आणि पाठोपाठ शेकडो माणसे प्याली. थोड्याच वेळात, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. मग तळ्याची शुद्धी झाली. एकशे आठ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून मंत्रघोषात परत तळ्यात ओतले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला.

या शुद्धीकडे दैवतशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, की एक गोष्ट लख्ख दिसते. निर्ऋतीच्या विटा दूर ठेवीत, अलक्ष्मीला सूप वाजवून घालवीत, मरीआईला गाड्यात बसवीत. महाडला अमंगळाच्या जागी माणसे बसवली गेली. विधीचे सारे अंग तेच होते, केवळ घालवायचे काय ते बदलले. ज्याचे नाव कोणी घेत नव्हते, ज्याला मूर्ती नव्हती, त्या दैवताची ही पूजा होती. 'हे असेच होते आणि असेच राहील' एवढाच त्याचा मंत्र.

डिसेंबरात परिषद पुन्हा भरली तेव्हा बाबासाहेबांनी या दैवताचे शस्त्र बरोबर ओळखलेले होते. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा विरोधकांनी महाडच्या न्यायालयात लावला होता आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूमही मिळवला होता. मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, खड्ड्यात चंदनाची लाकडे रचून मनुस्मृतीचे दहन झाले. लिहिले म्हणून अटळ असे ज्याचे सामर्थ्य, त्याचा लेखच अग्नीत गेला. हे ग्रंथदहन योग्य होते की नव्हते याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. आम्हांस येथे एवढेच नोंदवायचे आहे, की अमूर्त दैवताला आधी देह देऊन मगच त्याच्याशी झुंजावे लागते, आणि महाडला ते घडले.

दाव्याचा निकाल मात्र सावकाश लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. विरोधकांचा आधार अनादि रूढीचा होता, आणि ती रूढी अनादि असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. आमच्या मते या निकालाचे वाङ्मयीन महत्त्वही थोर आहे. जे दैवत आपण सदैव होतो असे सांगत आले, त्याला जन्मतारीख असली पाहिजे हे न्यायासनाने लिहून ठेवले. ज्याला आरंभ आहे, त्याला अंतही संभवतो. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता सोडण्याच्या प्रतिज्ञा होत्या. त्यानंतर अनेक घरांतून मरीआईही गेली, यावेळी मात्र शेजारच्या गावाच्या माथी न मारता.

तेव्हा कल्पित जगासाठी निराशेचा देव रचू पाहणाऱ्यास आमची सूचना अशी. त्याला अक्राळविक्राळ करू नये. त्याच्या हाती खड्ग देण्याऐवजी दौत-लेखणी द्यावी आणि त्याचे देऊळ गावाच्या मधोमध, सर्वांच्या पाण्यापाशी बांधावे. त्याचे भक्त शांत, सुशील, सणवार पाळणारे असावेत, आणि आपण त्याचे भक्त आहोत हे त्यांना ठाऊक नसावे. त्याला मारायला किती घाव लागतात याचा आकडा लिहू नये. खेळाडूंपैकी कोणी ओंजळभर पाणी उचलून प्यायला, तर पुढे काय होईल एवढे मात्र ठरवून ठेवावे. दंगल होईल, शुद्धी होईल, दावा होईल, दहा वर्षे जातील. तेवढा वेळ खेळायची तयारी ठेवावी.