किनेसिओ टेप

किनेसिओ टेप : स्नायू व सांध्यांच्या दुखण्यात त्वचेवर चिकटवायची, ताणली जाणारी सुती पट्टी. खेळाडूंच्या खांद्यावर, गुडघ्यावर किंवा पोटरीवर दिसणाऱ्या निळ्या, काळ्या, गुलाबी पट्ट्या त्या याच. जपानी कायरोप्रॅक्टर केन्झो कासे यांनी ही टेप १९७० च्या दशकात विकसित केली. त्याआधी खेळात झिंक ऑक्साइडची पांढरी, न ताणणारी पट्टी वापरली जाई. ती सांधा जखडून ठेवते. कासे यांना हालचाल न अडवणारी पट्टी हवी होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकी बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श यांच्या खांद्यावर काळी टेप दिसली आणि तिचा जगभर बोलबाला झाला.

टेप साधारण ५ सेंमी रुंद असते व ५ मीटरच्या रोलमध्ये मिळते. ती फक्त लांबीच्या दिशेने ताणते, मूळ लांबीपेक्षा सुमारे ४० ते ६० टक्के. पाठीमागे अ‍ॅक्रिलिक गोंद नागमोडी रेषांत लावलेला असतो. तिच्यात कोणतेही औषध नसते आणि रंगाने गुणात फरक पडत नाही.

लावण्याआधी त्वचा स्वच्छ व पूर्ण कोरडी हवी. आपल्याकडे दुखऱ्या भागाला आधी तेल किंवा बाम चोळण्याची सवय असते. त्यावर टेप टिकत नाही. टोके गोल कापली की ती लवकर उचकटत नाहीत. सांधा वाकवून स्नायू ताणलेल्या स्थितीत ठेवावा. पट्टीची दोन्ही टोके अजिबात न ताणता चिकटवावीत आणि ताण फक्त मधल्या भागात, तोही हलकाच द्यावा. जास्त ताण म्हणजे जास्त आधार ही समजूत चुकीची आहे. त्याने टोकांपाशी फोड येतात. मग पट्टी हाताने चोळावी, कारण उष्णतेने गोंद पक्का बसतो. टेप तीन ते पाच दिवस राहते, अंघोळही करता येते. काढताना ओढू नये; तेल लावून, त्वचा दाबून धरून, केसांच्या दिशेने सावकाश सोडवावी.

टेप त्वचा किंचित उचलते, त्यामुळे खालचे रक्ताचे व लसीकेचे वहन सुधारते, असे कासे यांचे म्हणणे होते. ते पुरेसे सिद्ध झालेले नाही. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ताण देऊन, त्वचेला सुरकुत्या पडतील अशी टेप लावली, तर दुसऱ्या गटाला ताण न देता. चार आठवड्यांनी वेदना व हालचालीतील अडचण यांत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. खांद्याच्या रोटेटर कफच्या, म्हणजे सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या गटाच्या, दुखण्याबद्दल वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये २३ चाचण्या तपासल्या. तेथेही ठोस फायदा दिसला नाही. तरीही टेप लावल्यावर अनेकांना बरे वाटते, हे खोटे नाही. त्वचेवरील स्पर्शाची जाणीव वेदनेचे संदेश काही अंशी दडपते, हे त्याचे एक संभाव्य कारण. मेल्झॅक व वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला वेदनाद्वार सिद्धांत हेच सांगतो. तो आराम थोडा आणि थोड्या काळाचा असतो. त्या काळात फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करता आले, तर टेप उपयोगी पडली असे म्हणावे. व्यायाम टाळून केवळ टेप लावत राहणे हा पैशांचा अपव्यय आहे.

सांध्याला प्रत्यक्ष आधार हवा असेल, तर ही टेप कमी पडते. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याला कडक पट्टी किंवा ब्रेस अधिक खात्रीचा. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅकॉनेल यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली पद्धतही कडक पट्टीचीच आहे.

उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा गोंदाची अ‍ॅलर्जी असल्यास टेप लावू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असल्यास किंवा कर्करोगाच्या गाठीच्या जागीही ती टाळावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. खाज सुटली, लाली आली किंवा बोटे सुन्न झाली, तर टेप लगेच काढावी. आणि पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर टेप लावून पुन्हा मैदानात उतरू नये. आधी एक्स-रे काढून घ्यावा.